किल्लीचा शेजारधर्म

मुलांनो, या वेळच्या पाठाचे साहित्य तुमच्या घरातच आहे. दाराची किल्ली घ्या, दिव्याखाली धरा आणि तिच्या खाचा नीट पाहा. काही खाचा उथळ आहेत, काही खोल. त्या कितीही खोल का नसतात? आणि अगदी उथळ खाचेला लागून अगदी खोल खाच का दिसत नाही? आज याचेच उत्तर शोधू.

इथे अमेरिकेत घराच्या दाराला बहुधा पिन टंबलर जातीचे कुलूप असते. पिनांची लाकडी कुलपे प्राचीन इजिप्तमध्येही होती. आजच्या छोट्या, चपट्या किल्लीच्या कुलपाची पेटंटे मात्र लायनस येल (धाकटा) याने १८६१ आणि १८६५ साली घेतली.

कुलपाच्या आत एक गोल गाभा असतो. किल्ली त्यात शिरते. गाभ्याच्या वर ओळीने पाच भोके असतात. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांच्यावर एक स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरच्या पिना अर्ध्या गाभ्यात, अर्ध्या बाहेरच्या कवचात अडकून बसतात आणि गाभा फिरत नाही. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीतला सांधा बरोबर गाभ्याच्या कडेशी येतो. पाचही सांधे एका रेषेत आले की गाभा फिरतो आणि दार उघडते.

म्हणजे किल्ली हा धातूवर कोरलेला पाच आकडी अंक आहे! १९२० साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या श्लेग कंपनीची नेहमीची पाच पिनांची किल्ली उदाहरणाला घेऊ. तिच्या खाचांना ० ते ९ अशा दहा पायऱ्या आहेत. एक पायरी ०.३८ मिलिमीटरची. ० क्रमांकाच्या खाचेखाली किल्लीची उंची ८.५१ मि.मी. उरते आणि ९ क्रमांकाखाली ५.०८ मि.मी. याहून खूप खोल गेलो तर किल्ली बारीक होऊन कुलपातच मोडायची. पायऱ्या फार लहान केल्या तर ४ ची किल्ली ५ च्या कुलपालाही चालू लागेल.

आता गणित. पाच जागा, प्रत्येक जागी दहा आकडे: १०×१०×१०×१०×१० = १,००,०००. आम्हा संगणकवाल्यांना वाटेल, एक लाख परवलीचे अंक मिळाले! पण धातूचा स्वतःचा एक नियम असतो. शेजारच्या दोन खाचांत सातपेक्षा जास्त पायऱ्यांचा फरक चालत नाही.

असे का? किल्ली आत-बाहेर करताना प्रत्येक पीन खाचांवरून चढत-उतरत जाते. खाचेची बाजू भिंतीसारखी उभी असती तर पीन तिथेच अडली असती आणि किल्ली बाहेर आलीच नसती. म्हणून प्रत्येक खाचेला दोन्हीकडे उतार ठेवतात. या किल्लीत दोन उतारांमधला कोन १०० अंशांचा असतो. म्हणजे १ मि.मी. खाली उतरायला आडवी १.१९ मि.मी. जागा लागते.

आता जागा किती आहे ते मोजू. शेजारच्या दोन खाचांच्या मध्यांतले अंतर ३.९७ मि.मी. आहे. पीन टेकायला प्रत्येक खाचेच्या तळाशी ०.७९ मि.मी. सपाट जागा हवी. दोन्हीकडची अर्धी-अर्धी सपाटी वजा केली की उतारासाठी ३.१८ मि.मी. उरतात.

७ पायऱ्या: २.६७ × १.१९ = ३.१८ मि.मी. अगदी बरोबर मावले!
८ पायऱ्या: ३.०५ × १.१९ = ३.६३ मि.मी. मावत नाही.

आठ पायऱ्यांचा फरक ठेवला तर खोल खाच कापताना तिचा उतार शेजारणीची सपाट जागा खाऊन टाकेल. मग त्या पिनेला टेकायला पुरेशी जागा उरणार नाही. यालाच मी किल्लीचा शेजारधर्म म्हणतो. तुम्ही किती खोल जाऊ शकता हे शेजारी कोण आहे यावर ठरते.

म्हणून ०-८, ०-९ आणि १-९ या जोड्या शेजारी-शेजारी येऊ शकत नाहीत, उलट क्रमानेही नाही. एवढ्या तीनच जोड्या वगळल्या तरी एक लाखातले २०,३३४ अंक बाद होतात आणि ७९,६६६ उरतात. पाचातला एक भाग गेला! शिवाय पाचही खाचा सारख्या असलेले, सहज उघडतील असे काही अंक कारखानेच टाळतात.

पालकांसाठी दोन शब्द

शाळेतून एकटी घरी येणारी मुले किल्ली जवळ बाळगतात. त्यांना एवढे जरूर सांगावे की किल्लीचे रहस्य तिच्या आकारात आहे, म्हणून तो कुणाला दाखवत फिरू नये. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संगणकतज्ज्ञांनी किल्लीच्या नुसत्या छायाचित्रावरून तिचा अंक काढून दाखवला. तेव्हा नव्या घराच्या आनंदात किल्ली हातात धरून फोटो काढलात, तर तो सगळीकडे पाठवू नका.

दुसरे म्हणजे, दुकानातले साधे यंत्र समोरच्या किल्लीची हुबेहूब नक्कल करते, तिची झीज आणि चुकाही तशाच उतरवते. पायरीच मुळी ०.३८ मि.मी.ची. नकलेची नक्कल करत गेलो तर एक दिवस मूल थंडीत दाराबाहेर उभे राहील. मूळ किल्ली जपून ठेवावी आणि प्रत्येक नक्कल तिच्यावरूनच करून घ्यावी.

शब्दार्थ

खाच – कापून केलेला खळगा
गाभा – आतला मधला भाग
परवलीचा – ओळख पटवणारा, गुप्त
झीज – वापराने झालेली घट
हुबेहूब – अगदी तसेच

स्वाध्याय

१. यांपैकी कोणत्या किल्ल्या बनू शकतील? (अ) २-९-१-५-५ (आ) ३-८-१-६-४ (इ) ०-७-९-२-८ (ई) ०-४-८-०-५
२. किल्लीला दोनच खाचा असत्या, तर १०० पैकी किती अंक चालले असते?
३. 'शेजारधर्म' हा शब्द वापरून तीन वाक्ये लिहा.

उत्तरे: १. (आ) आणि (इ). २. ९४. तिसऱ्याचे उत्तर पुढच्या वर्गात वाचून दाखवायचे आहे!