शिवारातील मूळची झाडे व त्यांचे गावकीने रक्षण

हदगाव तालुक्यातील कास्तकार आपल्या शेताच्या उंचवट्यावर उभा राहिला, तर कापूस, सोयाबीन, तूर, हळद ही पिके त्यास दृष्टी पोहोचेल तेथवर दिसतात. परंतु धुऱ्यावरचे झाड मात्र शोधावे लागते. उत्तरेस पैनगंगा व तिच्या पलीकडे उमरखेडच्या बाजूचे अभयारण्य, पूर्वेस हिमायतनगर ओलांडले की किनवट-माहूरचे सागवानी डोंगर, असा शेजार असूनही मधल्या पट्टीतील आमची गावे उघडी पडत चालली आहेत. लातूरकडील बंधूंचे शिवार तर याहूनही उघडे. महसुली दप्तरात आमची उमेदीची वर्षे गेली. जुन्या पाहणीपत्रकांतून शेऱ्याच्या रकान्यात आंबा, लिंब, बाभूळ यांची नोंद वाचावी आणि त्याच गटात जाऊन पाहावे, तर नोंद शाबूत आणि झाड नाहीसे, हा प्रकार आम्हांस नवा नाही. कागद झाडापेक्षा अधिक टिकतो, असे म्हणण्याची पाळी आली आहे.

झाडे लावा, असे सांगणारे पुष्कळ आहेत; कोणते झाड लावावे, हे सांगणारे थोडे. म्हणून प्रथम ‘मूळचे झाड’ कशास म्हणावे, याचा खुलासा करणे अवश्य आहे. जे झाड या भूमीत माणसाने न आणता आपोआप वाढत आले आणि येथील पाखरे, माशा, किडे व गुरे यांच्याशी ज्याचा संबंध हजारो वर्षांचा आहे, ते मूळचे. पळस, बाभूळ, हिवर, बोर, मोह, धावडा, सालई, टेंभुर्णी, बिब्बा, चारोळी, बेल, आपटा, अंजन, करंज ही अशी झाडे होत. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ व गिरिपुष्प ही मध्य अमेरिकेकडील. आपले लाडके सीताफळही अमेरिका खंडातूनच आले, आणि चिंच, जिच्या पारावर निम्म्या मराठवाड्याच्या पंचायती बसल्या, ती मूळची आफ्रिकेची, हे ऐकून काही वाचकांस नवल वाटेल. तेव्हा परके म्हणून कोणत्याही झाडाचा द्वेष करण्याचे कारण नाही. चिंच आता घरचीच झाली. गिरिपुष्पाचा पाला हिरवळीच्या खतास चांगला. तो ज्याने धुऱ्यावर लावला त्यास आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु पळस तोडून त्या जागी गुलमोहर लावणे आणि त्यास वृक्षारोपण म्हणणे, हे आमच्या मते हिशेबात बसत नाही.

हिशेबच करावयाचा तर असा करावा. पळस माघ-फाल्गुनात फुलतो, तेव्हा रानात फुलोरा थोडा असतो. त्या दिवसांत मधमाशी व पाखरू त्याच्या आधाराने राहते. धुऱ्यावर झाड असले म्हणजे पाखरास बसावयास जागा मिळते, व तेच पाखरू हरभऱ्यातील व तुरीतील घाटेअळी वेचते. आता कास्तकार शेतात टी आकाराचे पक्षिथांबे उभारतो. जो थांबा आजोबाने फुकट ठेवला होता तो आपण तोडला आणि काठ्या रोवीत बसलो! लिंबाचे तर सांगावयासच नको. पाच किलो लिंबोळीच्या भुकटीचा अर्क शंभर लिटर पाण्यात उतरविला म्हणजे पाच टक्क्यांची फवारणी होते, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. पण लिंबोळी ज्या झाडाची, ते झाड सरपणात गेल्यामुळे तोच अर्क दुकानातून बाटलीने आणावा लागतो.

सावलीने पीक मारते, हा कास्तकाराचा आक्षेप खोटा नाही. तो झटकून टाकणारे लोक बहुधा स्वतः शेत करीत नाहीत. बाभळीखाली दोन-चार ओळी खुज्या राहतात, हे कोणीही पाहू शकतो. तथापि सावलीलाही दिशा असते. आपल्या प्रांतात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून झाडाची सावली उत्तरेस लांबते. शेताच्या दक्षिण धुऱ्यावरील झाड आपल्याच रब्बीवर सावली धरील. उत्तर धुऱ्यावरील झाड शेजाऱ्याच्या रानावर धरील आणि भांडणास कारण होईल. यास्तव नाल्याचा काठ, गाडरस्त्याची कड, विहिरीची माती टाकलेली जागा आणि ज्या तुकड्याची सातबारावर ‘पोटखराब’ अशी नोंद आहे तो तुकडा, या जागा प्रथम धराव्यात. वहितीदार जमिनीवरील झाडांचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २५ अन्वये धारकाचा आहे. मात्र १९६४ च्या झाडे तोडण्याविषयीच्या अधिनियमातील अनुसूचित झाडे, जसे साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन, स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. पळस व बाभूळ त्या यादीत नाहीत, आणि कुऱ्हाड आधी त्यांच्यावरच पडते.

एकट्या कास्तकाराने चार झाडे राखली तरी शेजाऱ्याची शेळी, वाटसरूची कुऱ्हाड आणि उन्हाळ्यातील धुरा जाळण्याची आग यांपुढे त्याचे काही चालत नाही. हे काम गावकीचे आहे. त्याचा उत्तम दाखला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने घालून दिला आहे. सन १९९० च्या आसपास तेथील डोंगर उघडा पडला होता, विहिरी आटल्या होत्या, आणि लोक मजुरीस बाहेर जात होते. त्याच पाड्यातील चैत्राम पवार या तरुणाने उच्च शिक्षण घेऊनही शहराची वाट न धरता गावातच राहून लोकांस एकत्र केले. त्यांनी आधी झाडे लावली नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनी आधी नियम केले. जंगलात कुऱ्हाड न्यावयाची नाही. गुरे चारावयाची नाहीत. नियम मोडील त्यास दंड. आणि राखणीस गावचाच माणूस. मूळे व खोडे जमिनीत जिवंत होतीच. त्यांस अभय मिळताच रान आपोआप उठले. जोडीस डोंगरउतारावर चर खोदून पाणी अडविले. सुमारे अकराशे एकरांचे ते जंगल आज उभे आहे, विहिरींस उन्हाळ्यात पाणी आहे, आणि श्री. चैत्राम पवार यांस २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

याच पाड्यात २००४ पासून दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते. बायका रानातून भाज्या आणून रांधतात, परीक्षक चव पाहतात व नावे-गुण विचारतात. शहराचा वाचक यास मौज समजेल. आम्ही यास शाळा समजतो. ज्या भाजीस बक्षीस मिळाले, तिचे रोप पुढील वर्षी कोणी उपटून टाकीत नाही. आपल्याकडील तरोटा, कुर्डू, पाथरी, घोळ, चिवळ, केना, करटुले यांची ओळख अद्याप गावोगावच्या म्हाताऱ्या बायांस आहे. त्यांच्या सुनांस निम्मी आहे. नातींस, तणनाशकाच्या फवाऱ्यानंतर, कितपत राहील हे सांगवत नाही. अशी एखादी स्पर्धा श्रावणात आपल्या गावी भरविण्यास खर्च तो काय? चूल, तेल आणि एक नारळ.

बारीपाड्याची रीत हदगावास जशीच्या तशी लागू पडणार नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथे पाड्यास लागून जंगल होते. आमच्याकडे बहुतेक गावांस आहे ते गायरान. आणि गायरानाचा प्रश्न नाजूक आहे. मराठवाड्यात भूमिहीनांनी, विशेषतः दलित कुटुंबांनी, गायराने कसून पोट भरले. दादासाहेब गायकवाड यांच्या भूमिहीनांच्या चळवळीचा तो वारसा आहे, आणि १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याविषयी शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावच्या सार्वजनिक जमिनींचे रक्षण करण्याचा आदेश दिला व त्यास अनुसरून १२ जुलै २०११ रोजी राज्याचाही निर्णय निघाला. या दोन कागदांच्या मध्ये गरीब माणूस उभा आहे. ज्यांचे वीस-तीस एकर वहितीस आहे अशा आम्हां लोकांनी झाडांच्या नावाने भूमिहीनाच्या दोन एकरांवर बोट ठेवावे, हे शोभणारे नाही. दप्तरात आम्ही ज्या अतिक्रमणाच्या वह्या लिहिल्या, त्यांत मोठ्या खातेदाराने आपला धुरा दरवर्षी हातभर गायरानात सरकविल्याची नोंद क्वचितच सापडेल. शिवारात मात्र ते सर्वांस दिसते. म्हणून गावाने गायरान राखावयाचे ठरविल्यास पहिली मोजणी लगतच्या खातेदारांच्या धुऱ्यांची मागावी.

उरलेल्या पडीक गायरानावर खड्डे खणण्याची घाई करू नये. मुरमाड माळावर झाडापेक्षा गवत मोलाचे. पवन्या, मारवेल, कुसळी ही येथली गवते; चराई पावसाच्या आरंभापासून बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण कार्तिकापर्यंत बंद ठेवली आणि नंतर कापून नेण्यास मोकळीक दिली, तर दोन-तीन वर्षांत चांगले गवत पुन्हा धरते. गायरानाचे दोन भाग करून एक वर्षाआड राखावा, म्हणजे ज्याच्यापाशी केवळ चार शेळ्या आहेत त्याचीही अडचण होत नाही. गाजरगवत मात्र फुलावर येण्यापूर्वी उपटलेच पाहिजे. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम दिसलेले हे तण आज प्रत्येक उकिरड्यावर आहे.

आता बियांचा विचार. रोपवाटिकेतून फुकट मिळते ते रोप लावावे, ही सवय सोडावयास हवी. कारण तेथे पळस, हिवर, मोह यांची रोपे बहुधा नसतात. यांची सोटमुळी खोल जाते, व पिशवीत ती वेटोळे घेते. म्हणून बी जाग्यावर टोकणेच बरे. पळसाची चपटी शेंग ज्येष्ठाच्या आसपास गळते, प्रत्येकीत एकच बी असते, आणि ते फार काळ टिकत नाही. त्याच पावसाळ्यात टोकावे. लिंबोळी आषाढात पिकते. गर धुऊन बी सावलीत सुकवावे व पंधरवड्याच्या आत पेरावे, नंतर उगवण झपाट्याने घटते. मोहाच्या बियांचेही तसेच. उलट बाभळीचे बी कठीण कवचाचे. ते वर्षानुवर्षे राहते, पण लवकर उगवत नाही. त्यास शेळीच्या पोटातून काढणे ही जुनी युक्ती उत्तम: उन्हाळ्यात शेंगा चारल्या की वाड्यात रवंथाबरोबर पडलेले बी झाडून घ्यावे. ते न जमल्यास बियांवर कढत पाणी ओतून रात्रभर भिजू द्यावे. आपट्यासही हाच उपाय. करंज नुसता पाण्यात भिजविला तरी पुरे. वडाची मात्र मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडाशी रोवावी. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन बिया, वर बोराटीची काटी, आणि काळ्या जमिनीत पाणी साचणार नाही अशी थोडी उंच जागा, इतके केले म्हणजे झाले. पहिली दोन वर्षे पळस जमिनीवर वीतभरच दिसेल. तो खाली मूळ घालीत असतो. अधीर मनुष्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

दसऱ्यास आपट्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात ढीग घालण्याची चाल पडली आहे. एका पानाने सोने होते. फांदीने होत नाही. ज्या गावात आपट्याची दहा झाडे उरली असतील, त्या गावाने यंदा दहा नवी धरावीत.

शेवटी कागदाविषयी. जैविक विविधता अधिनियम, २००२, कलम ४१ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे व तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवली पाहिजे. समितीत स्त्रियांचा निदान तिसरा हिस्सा असावा, असे नियम आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये या नोंदवह्यांस ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली व न पाळल्यास राज्यावर दरमहा दहा लाख रुपयांचा भार ठेवला; त्यामुळे देशभर नोंदवह्यांची एकच धावपळ झाली. घाईत लिहिलेल्या वहीचे मोल कारकुनास जितके कळते तितके दुसऱ्यास कळत नाही. म्हणून सभासदांनी ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावची वही मागावी व ती गुराखी, सुईण आणि वैदू यांच्यासमोर वाचावी. गावात नसलेले झाड तीत असेल तर खोडावयास सांगावे. असलेले राहिले असेल तर जागेसह लिहवून घ्यावे: कोणत्या गटात, कोणत्या नाल्याकाठी, फुलते केव्हा, बी गळते केव्हा. तसेच १५ ऑगस्ट २०२१ पासून चालू झालेल्या ई-पीक पाहणीत धुऱ्यावरील झाडे नोंदविण्याची सोय आहे. पीक भरताना ती जागा कोरी सोडू नये.

ज्या सभासदांच्या शेतात पळस, मोह, हिवर किंवा अंजन यांचे जुने झाड आहे, त्यांनी गट नंबर व बी गळण्याचा महिना आपल्या गावच्या शाळामास्तरांकडे लिहून द्यावा. ज्येष्ठात मुलांकरवी बी गोळा करविता येईल, आणि ज्यास हवे त्याने पहिल्या पावसाच्या आत घेऊन जावे.