कडा फोटोत मावत का नाही?

मित्रांनो, सबमिशन संपलं की आपलं अर्धं हॉस्टेल हरिश्चंद्रगडावर पळतं. परत येताना प्रत्येकाकडे कोकणकड्याचे शंभर फोटो असतात, पण घरी दाखवले की कडा शेताच्या बांधाएवढा वाटतो! गुडघेदुखीमुळे ज्यांना गड चढणं शक्य नाही, त्यांच्यासाठी आपला फोटो हाच गड असतो. म्हणून हा छोटासा क्लास. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'छायाचित्र' न म्हणता मी फोटोच म्हणणार. सांभाळून घ्या.)

१) स्केल : ड्रॉइंगच्या शीटवर स्केल लिहिली नाही तर सर शीट परत करतात. फोटोचंही तसंच. कोकणकडा सरळ भिंतीसारखा नाही, तो आत वळलेला आहे. त्यामुळे एका बाजूने दुसऱ्या बाजूचा फोटो घेता येतो. पलीकडे, काठापासून मागे उभी असलेली माणसं फ्रेममध्ये घ्या. ती मुंगीएवढी दिसली की कड्याची उंची आपोआप कळते.

२) लेन्स : 'सगळं मावलं पाहिजे' म्हणून आपण मोबाइलवर ०.५ दाबतो. त्याने जवळचे दगड मोठे होतात आणि लांबचा कडा बारीक होतो. त्यापेक्षा १ किंवा २ वर ठेवा. थोडं कापलं गेलं तरी चालेल.

३) उजेड : कड्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तो सावलीत असतो आणि सपाट दिसतो. दुपार कलल्यावर तिरपं ऊन पडतं, तेव्हा बेसाल्टचे थर आणि कपारी उठून दिसतात. सकाळी मात्र दरीत धुकं आणि पाठीशी सूर्य असेल तर कॅमेरा तयार ठेवा. नशीब असेल तर आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. त्यालाच इंद्रवज्र म्हणतात.

४) आकाश : स्क्रीनवर ढगांवर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा. काळपट भाग नंतर एडिट करून बराच उजळता येतो. पण आकाश एकदा पांढरंफटक झालं की तिथला डेटा गेलाच समजा.

आणि शेवटचा नियम, जो व्हायव्हात विचारत नाहीत : स्क्रीनकडे बघत एक पाऊलही टाकायचं नाही. आधी थांबा, पाय नीट रोवा, मग मोबाइल काढा. काठावर वारा जोराचा असतो आणि पावसाळ्यात खडक शेवाळलेला. चांगली फ्रेम पुढच्या ट्रेकलाही मिळेल, त्यासाठी आपण मात्र असायला हवं.