शिवल्या काढताना कॅनची दोरी

मैत्रिणींनो, खाडीत कंबरभर पाण्यात शिवल्या काढताना जाळीची पिशवी कॅनला बांधता ना? मग कॅन आधी पारखा. पाच लिटरचा रिकामा कॅन पाच किलोपेक्षा थोडा कमी भार तोलतो. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची चकती बसवा नि बादलीत दाबून धरा. बुडबुडे आले तर तो कॅन घरीच ठेवा. दोरी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, ती तरंगते. नायलॉनची बुडते, पायात येते.

कॅनच्या मुठीला निरगाठ चालेल, कमरेला मात्र सुरगाठच, एका हिसक्यात सुटणारी. आमच्यातल्या एकीने कमरेला निरगाठ मारली होती. भरतीला दोरी जाळ्याच्या खुंटाला अडकली, कोयतीने कापावी लागली. शिवल्या गेल्या, बाई वाचली. आता पाण्यात उतरण्याआधी आम्ही एकमेकींची गाठ ओढून बघतो.