किशोरवयीन विद्यार्थी आणि शिक्षकाची दृष्टी

आठवी-नववीत गेलेला मुलगा एकाएकी उलट बोलू लागतो. कालपर्यंत भराभर उत्तरे देणारी मुलगी हात वर करणे सोडून देते. आपण लगेच म्हणतो, "पोरं वाया चालली." वस्तुतः हा वाढीचा काळ होय. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 या वयाला किशोरावस्था मानते. अकरा-बाराव्या वर्षापासून मूल अमूर्त विचार करू लागते, असे जाँ पियाजे यांनी मांडले. 'मी कोण?' हा या वयाचा मुख्य प्रश्न आहे, असे एरिक एरिक्सन यांनी सांगितले. या वयात भावना उसळतात. पण त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही परिपक्व होत असतो.

तथागतांनी वय पाहून शिकविले. अट्ठकथेनुसार राहुल सात वर्षांचा असताना त्यांनी पात्रातील उरलेले थोडे पाणी दाखविले, ते ओतून टाकले, पात्र पालथे केले आणि खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असेच रिते होते, हे समजावले. तोच राहुल अठराव्या वर्षी आपल्या देखणेपणाच्या विचारात गुंतला, तेव्हा त्याला पृथ्वीसारखी सहनशील वृत्ती आणि आनापानसती शिकविली. विद्यार्थी एकच, पण वय बदलले तसा पाठ बदलला.

चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावाने त्याला विहार सोडायला सांगितले. बुद्धांनी मात्र त्याच्या हाती स्वच्छ वस्त्र दिले आणि 'रजोहरणं' म्हणत ते चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळले आणि त्याला अनित्यता उमगली. दोष बुद्धीचा नव्हता, शिकविण्याच्या रीतीचा होता.

आपल्या वर्गातही कोणी ऐकून शिकतो, कोणी हाताने करून. कोणाच्या घरी अहिराणी बोलतात, कोणाच्या घरी वऱ्हाडी. त्या बोलीला हसले की मूल गप्प होते. शिष्यवृत्तीची यादी जातीसह मोठ्याने वाचली की 'मी कोण?' या प्रश्नाला वर्ग एक अपमानकारक उत्तर देतो. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते. आज गोणपाट गेले. पण शब्दांनी वेगळे बसविणे सर्वत्र संपलेले नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

म्हणून शिक्षकांनी आणि अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी चूक एकांतात सांगावी व कौतुक चारचौघांत करावे. एकच धडा गोष्टीतून, चित्रातून आणि कृतीतून द्यावा. गप्प मुलाला आधी जोडीदाराशी बोलू द्यावे, मग वर्गापुढे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही लक्षात ठेवा : पाठ न होणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे. शाळा सोडण्यापूर्वी एकदा शिकण्याची रीत बदलून पाहा. आणि आपल्या वस्तीतला एखादा चूळपंथक शाळेच्या दाराबाहेर उभा दिसला, तर त्याला हाताला धरून आत आणा.