जुनी गाडी घेताना दुरुस्तीचा हिशेब आधी मांडा



उसाचे बिल बँकेत जमा झाले की गावोगाव गाड्यांची बोलणी सुरू होतात. अलीकडे ओढा आहे तो आखूड लांबीच्या, उंच बांध्याच्या जुन्या एस.यू.व्ही. गाड्यांकडे. पाणंदीच्या रस्त्याला खाली टेकत नाही, घरची पाच माणसे बसतात, आणि आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते. घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. पण सौद्याची रक्कम ही गाडीची पुरी किंमत नव्हे, एवढे या पाठात सांगायचे आहे.

गेल्या हंगामात एक सभासद आमच्या वाहन विभागात सल्ल्याला आले. साडेचार लाखांना डिझेल गाडी घेतलेली. तिसऱ्या महिन्यात घाट चढताना पाण्याचा रबरी पाइप फुटला व काटा लाल रेघेवर गेला. त्यांनी पाइपाला चिंधी बांधली, बोअरचे पाणी ओतले आणि "आता घर जवळच आलंय" म्हणून तशीच गाडी रेटली. हेड वाकले, गॅस्केट गेले. ओढून आणण्यासह खर्च ४८ हजार. पाइपाची किंमत हजाराच्या आत होती. ते ४८ हजार मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. ही पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

नेहमीचे बिघाड व त्यांची कारणे

१) इंजिन तापणे. आपल्या भागातील विहिरी-बोअरचे पाणी क्षारांचे आहे. कारखान्यात बॉयलरला आपण असे पाणी कधी घालतो का? नळ्यांत खर धरेल म्हणून आधी पाण्यातील क्षार काढतो. गाडीच्या रेडिएटरचेही तेच आहे. त्यात कूलंट व शुद्ध केलेले पाणीच घालावे. काटा चढला तर गाडी जागीच थांबवावी, इंजिन बंद करावे आणि गरम असताना झाकण मुळीच उघडू नये.

२) टायमिंग बेल्ट. काही इंजिनांत आतील झडपा चालवायला साखळी असते, काहींत दातेरी रबरी पट्टा. उदाहरणार्थ, २०१६ ते २०२० मधील व्हिटारा ब्रेझाच्या १२४८ सी.सी. डिझेल इंजिनात साखळी आहे, तर डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनात पट्टा. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर झडपा पिस्टनवर आदळतात व इंजिन उघडावे लागते. पुस्तिकेत किलोमीटर व वर्षे अशी दोन्ही मुदत दिलेली असते. जी आधी भरेल ती धरावी. गाडी कमी चालली तरी रबर जुने होतेच.

३) इंजेक्टर. शेतावरच्या बॅरलमधले डिझेल जुना ट्रॅक्टर पचवतो, ही गाडी पचवत नाही. नव्या पद्धतीच्या इंजिनात डिझेल फार मोठ्या दाबाने केसाएवढ्या छिद्रांतून फवारले जाते. पाण्याचा थेंब किंवा कचरा गेला की पंप व इंजेक्टर दोन्ही धोक्यात. डिझेल पंपावरच भरावे व डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा.

४) टर्बो. हंगामात रस्त्यावर धूळ व पाचट उडत असते. एअर फिल्टर चोंदला की इंजिनाचा दम कोंडतो, धूर काळा होतो. टर्बो तेलावर जगतो. तेल जुने झाले की त्याचे बेअरिंग खाल्ले जाते. घाट चढून आल्यावर किल्ली लगेच फिरवू नका, मिनिटभर इंजिन सावकाश चालू राहू द्या.

५) क्लच व खालचे सामान. क्लचवर पाय ठेवून गाडी चालविण्याची खोड असेल तर प्लेट लवकर संपते. उसाच्या ट्रेलरनी पाडलेल्या चाकोऱ्यांत शॉकअॅब्सॉर्बर, लोअर आर्म, लिंक रॉड व त्यांचे रबरी बुश झिजतात. खड्ड्यात "खट्-खट्" असा आवाज येतो. त्याकडे दुर्लक्ष केले की टायर एका कडेने खाल्ले जातात.

खर्चाचा ढोबळ अंदाज

दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गाडीला बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये साधारण असा खर्च येतो. गाव, कंपनी व सुट्या भागांचा दर्जा यांप्रमाणे आकडे मागे-पुढे होतील.

तेल-फिल्टरची सर्व्हिस : ५ ते ८ हजार
बॅटरी : ५ ते ७ हजार
टायमिंग बेल्ट संच : १० ते १८ हजार
क्लच संच : १२ ते २० हजार
पुढच्या चाकांचे शॉकअॅब्सॉर्बर, आर्म, बुश : १५ ते २५ हजार
चार टायर : २५ ते ३५ हजार
हेड गॅस्केट : २० ते ३५ हजार
नवा इंजेक्टर, एकास : १२ ते २० हजार
नवा टर्बो : ३५ ते ६० हजार

आता हिशेब करा. सर्व्हिस, बॅटरी, बेल्ट, क्लच व टायर ही झिजण्याचीच कामे आहेत. पाचही एकाच वर्षात निघाली तर कमीत कमी ५७ हजार, जास्तीत जास्त ८८ हजार. म्हणून साडेचार लाख हाती असतील तर पावणेचार लाखांपर्यंतचीच गाडी पाहा. उरलेले ७५ हजार पहिल्या वर्षासाठी वेगळ्या खात्यात ठेवा.

घेण्यापूर्वी एवढे बघा

बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून बघतो, मगच इसार देतो. गाडीलाही तेच लागू आहे.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघावी. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर मालकाने आधीच चालू करून ठेवली होती असे समजा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा चिकटा दिसला तर मिस्त्रीला दाखविल्याशिवाय पुढे बोलू नका. चढावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच संपला. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून बघा.

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडील बरीच वाहने पाण्यात गेली होती. म्हणून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून व गालिचा उचलून गाळाचे डाग आहेत का ते बघावे. ज्या गाडीचे उत्पादन थांबले आहे, जशी २०२१ नंतर इकोस्पोर्ट, तिचे सुटे भाग आपल्या तालुक्यात कोठे मिळतात याची चौकशी सौद्याआधी करावी.

आर.सी. बुकावर कर्जाचा बोजा नाही, विमा चालू आहे व दंडाची चलने बाकी नाहीत, याची खात्री करा. नमुना २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पुरी रक्कम देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हा तिचे वयही मोजा.

शेवटी एकच विनंती. पाचशे-हजार रुपये देऊन ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्या आणि गाडी कॉम्प्युटरला जोडून तपासून घ्या. वर्षभर राबून उसाचे बिल हाती येते, ते तासाभराच्या भुलीत घालवू नका.