पुस्तक मिटल्यावर काय उरते?

सज्जनहो, आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता शहरात राहून कॉलेजात शिकतात. रात्र रात्र जागून वाचतात, आणि प्रश्नपत्रिका हाती पडली की सारे विसरतात. आईबाप म्हणतात, "अभ्यासच केला नसेल." पोर मनात म्हणते, "मला बुद्धीच नाही." ही दोन्ही बोलणी बहुधा चुकीची असतात. अभ्यास झालेला असतो. अभ्यासाची रीत मात्र कोणी शिकवलेली नसते. त्या रीतीचा विचार आम्ही या पाठात करीत आहोत.

भजनाला उभा राहणारा माणूस एक गोष्ट अनुभवाने जाणतो. वही हाती असेतो अभंग पाठ आहेसा वाटतो. वही मिटली की दुसऱ्याच चरणाला अडखळतो. हेच अमेरिकेत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिके यांनी २००६ साली प्रयोगाने दाखविले. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका तुकडीने चारही बैठकींत तो वाचलाच. दुसरीने एकदा वाचून पुढच्या तीन बैठकींत न पाहता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना शेकडा ४० भाग आठवला, लिहिणाऱ्यांना ६१. आणि गंमत अशी की, आपल्या ध्यानात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता! फसगत होते ती इथेच. डोळ्यांच्या ओळखीचे झाले म्हणजे मनात ठसले असे नव्हे.

दुसरी गोष्ट भीतीची. भ्यालेल्या मनाला आलेलेही आठवत नाही. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे श्वासाकडे लक्ष देण्याचे व भरकटलेले मन न रागावता माघारी आणण्याचे शिक्षण दिले. परीक्षेच्या दिवसांत, ज्यांना ते मिळाले नव्हते त्यांच्यात शेकडा ५७ जणांचा मनस्ताप धोक्याच्या रेषेपलीकडे होता. शिकलेल्यांत ३७ जणांचा. म्हणजे मनही शिकवले तर शिकते.

तेव्हा विद्यार्थ्याने एवढे करावे. पान वाचून पुस्तक मिटावे आणि आठवेल ते आपल्या शब्दांत लिहावे. राहिले तेवढे पुन्हा पाहावे. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, पुन्हा न पाहता लिहावे. बसण्याआधी पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे. झोप मोडू नये.

आणि आईबापांनी "किती वाचलेस?" असे न विचारता "काय आठवले ते मला सांग बरे," असे म्हणावे. पोर जेवेना, बोलेना, जिवाचे भलतेसलते बोलू लागले, तर रागावू नये, एकटे सोडू नये, डॉक्टरला दाखवावे. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवाही फोनवर फुकट सल्ला देते.

असो. विसरणे हा काही गुन्हा नव्हे. विसरलेले पुन्हा आठवू पाहणे, यालाच अभ्यास म्हणतात. हे लेकराला आज रात्रीच सांगावे, निकालाची वाट पाहू नये.