पडदा उजळतो, चित्र मात्र येत नाही

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील यंत्राच्या नियंत्रकावरचा छोटा टीएफटी पडदा पांढराच राहतो. ड्रायव्हर बदलूनही फरक नाही. दोष कुठे शोधावा?

उत्तर : पांढरा पडदा म्हणजे मागचा दिवा लागला, पण पडद्याच्या नियंत्रक चिपला सुरुवातीच्या योग्य आज्ञा पोहोचल्या नाहीत. म्हणून ड्रायव्हरआधी ३.३ व्होल्टचा पुरवठा आणि रिसेट, सीएस, डीसी या तारा मीटरने तपासाव्यात. रिसेटनंतर १२० मिलिसेकंद थांबणे सुरक्षित.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक वेगळीच असते : चिप चुकीची ओळखणे. दिसायला सारख्या पडद्यांत कधी आयएलआय ९३४१, कधी एसटी ७७८९ चिप निघते. विक्रेत्याच्या लेबलवर विसंबू नये. एमआयएसओ तार जोडून डी३ आज्ञा दिली, की पहिली चिप उत्तरात ९३, ४१ हे अंक पाठवते. एवढ्या एका वाचनाने दिवसभराची धडपड वाचते.

लाल-निळा रंग उलटा दिसल्यास ३६ (हेक्स) क्रमांकाच्या रजिस्टरमधील बीजीआर बिट बदलावा. मोटर किंवा काँटॅक्टर चालू होताच चित्र फाटत असेल, तर एसपीआयचा वेग १० मेगाहर्ट्झखाली आणावा, तारा आखूड कराव्यात आणि ग्राउंड पक्के जोडावे. लिनक्स असेल तर डीमेसेजमध्ये ड्रायव्हरची नोंद दिसते का, हे पाहावे. नसल्यास डिव्हाइस ट्रीतील नाव जुळत नसण्याची शक्यता असते.